दिव्याची पारख

१९३१ सालच्या एप्रिल महिन्यात तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात एक अध्यापक हातात दिवा घेऊन शिरले. अण्णामलै विद्यापीठात इतिहास शिकविणाऱ्या या गृहस्थांचे नाव एस. के. गोविंदस्वामी. त्या मंदिराच्या गर्भगृहाभोवती दोन भिंतींच्या मधून एक अरुंद प्रदक्षिणामार्ग जातो. बाहेर तंजावरचे ऊन कितीही प्रखर असो, आत काळोखच असतो. गोविंदस्वामींच्या हाती ‘बेबी पेट्रोमॅक्स’ नावाची लहान गॅसबत्ती होती. तिच्या उजेडात भिंतीवर प्रथम दिसली ती नायक राजांच्या काळातील चित्रे. परंतु एके ठिकाणी हा वरचा थर तडकून सुटू पाहत होता. तो अलगद दूर होताच खालून दुसरी, रेषेने कितीतरी सरस अशी चित्रे प्रकट झाली. इ. स. १०१० मध्ये हे मंदिर पुरे करणाऱ्या पहिल्या राजराज चोळाच्या काळची ती चित्रे होती. दक्षिणेच्या चित्रकलेच्या इतिहासात एक नवे प्रकरण त्या दिवशी उघडले.

या शोधाचे श्रेय अर्थातच पाहणाऱ्या डोळ्यांचे आणि त्या डोळ्यांमागील विद्वत्तेचे. पण थोडे श्रेय त्या बत्तीलाही दिले पाहिजे. काळोखात वस्तू असूनही नसल्यासारखीच. दिवा दाखवील तेवढीच ती दिसते, आणि दिवा दाखवील तशीच ती दिसते. या दोन गोष्टींतील दुसरी फारशी कोणी ध्यानात घेत नाही. मंद दिव्याने कमी दिसते हे मुलालाही कळते. परंतु झगझगीत दिव्यानेही चुकीचे दिसू शकते, हे पुष्कळदा जाणत्यांच्याही लक्षात येत नाही.

आज असा शोधक एखाद्या अंधाऱ्या जागी जाईल तेव्हा त्याच्या हाती गॅसबत्ती नसेल, विजेरी असेल. आणि त्या विजेरीत तारेचा दिवा नसून हरभऱ्याच्या डाळीएवढा एक एलईडी असेल. बाजारात अशा विजेऱ्या शेकड्यांनी मिळतात, आणि प्रत्येकीच्या खोक्यावर हजारांचे आकडे छापलेले असतात. त्यांपैकी चांगली कोणती आणि ती ओळखावी कशी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. कसोटीसाठी तंजावरच घ्यावयाचे, कारण तेथे मराठी माणसाला पाहण्याजोग्या तीन गोष्टी आहेत आणि त्या तिन्हींना तीन निरनिराळ्या तऱ्हेचा प्रकाश हवा. पहिली गोष्ट प्रदक्षिणामार्गातील भित्तिचित्रांची. तो मार्ग सामान्य यात्रेकरूंना सहसा खुला नसतो. परवानगी घेऊन अभ्यासकच तेथे जातात. दुसरी गोष्ट त्याच मंदिराच्या भिंतीवर कोरलेल्या मराठी शिलालेखाची. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा हा प्रदीर्घ लेख सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविला. तिसरी गोष्ट सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखितांची. तेथे संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांच्या जोडीला तीन हजारांच्या घरात मराठी हस्तलिखिते आहेत, आणि मोडी कागदपत्रांचे गठ्ठे वेगळेच.

प्रथम या चिमुकल्या दिव्याचे स्वरूप पाहू. जुन्या विजेरीत विजेने तार तापे, आणि तापल्यामुळे ती प्रकाशे. त्यात बहुतेक वीज उष्णतेत खर्ची पडत असे. दोन घटांच्या जुन्या विजेरीतील दिवा दहा ते वीस लुमेन प्रकाश देई. लुमेन म्हणजे दिव्यातून चहूकडे निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप. एलईडीत तार नाही. विशिष्ट स्फटिकाच्या दोन थरांच्या सीमेवर वीज वाहिली की तेथूनच प्रकाश बाहेर पडतो. डोळ्यांना दिसेल असा तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये केला. निळा एलईडी मात्र पुढे तीस वर्षे हुलकावणी देत राहिला. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघा जपानी शास्त्रज्ञांच्या चिकाटीने तो सिद्ध झाला, आणि २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. निळ्या स्फटिकावर पिवळा उजेड देणाऱ्या भुकटीचा लेप दिला की निळा आणि पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा भासणारा प्रकाश तयार होतो. विजेरीतील पांढरा एलईडी तो हाच. २०१० च्या अखेरीस ‘क्री’ या अमेरिकन कंपनीने जो ‘एक्सएम-एल’ नावाचा एलईडी बाजारात आणला, तो ३ अँपिअर प्रवाहावर सुमारे १००० लुमेन प्रकाश देतो. आजोबांच्या विजेरीच्या मानाने हा प्रकाश पन्नास ते शंभर पट झाला.

खोक्यावर छापला जातो तो हाच लुमेनचा आकडा, आणि गिऱ्हाईक फसते तेही येथेच. लुमेन एकूण प्रकाश सांगतो. तो प्रकाश कोठे पडतो हे तो सांगत नाही. एका दिशेने जाणाऱ्या झोताची तीव्रता कॅन्डेला या मापाने मोजतात, आणि एखाद्या पृष्ठभागावर किती उजेड पडला ते लक्स या मापाने. साधी मेणबत्ती सुमारे एक कॅन्डेला तीव्रतेची. ती एक मीटरवर ठेवली तर समोरच्या कागदावर एक लक्स उजेड पडतो. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो, तिप्पट केले की नवव्या हिश्शावर येतो.

एवढे गणित हाताशी असले म्हणजे विजेरीची तीव्रता घरीच काढता येते. त्यासाठी एकोणिसाव्या शतकात बुन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काढलेली युक्ती अजून उपयोगी आहे. पांढऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब टाकावा. तेलाचा डाग पडलेल्या जागेतून प्रकाश आरपार जातो. कागद उभा धरून एका बाजूला मेणबत्ती आणि दुसऱ्या बाजूला विजेरी ठेवावी. ज्या बाजूस उजेड अधिक त्या बाजूने डाग काळा दिसतो, उलट बाजूने उजळ दिसतो. अंतरे मागेपुढे करीत डाग दिसेनासा झाला की दोन्ही बाजूंचा उजेड सारखा झाला असे समजावे. समजा, मेणबत्ती कागदापासून २५ सेंटिमीटरवर आणि विजेरी १० मीटरवर असताना डाग नाहीसा झाला. विजेरीचे अंतर चाळीस पट आहे, म्हणून तिची तीव्रता चाळीस गुणिले चाळीस, म्हणजे १६०० कॅन्डेला ठरते. अडचण एकच. मेणबत्ती पिवळी आणि एलईडी निळसर, त्यामुळे डाग संपूर्ण मिटत नाही, रंगाचा फरक उरतोच. म्हणून दोन विजेऱ्यांची तुलना करताना मेणबत्ती बाजूस सारून एक ओळखीची विजेरीच मापदंड म्हणून ठेवणे बरे. लक्स मोजण्याचे लहान यंत्र आता स्वस्तात मिळते. ते असेल तर काम आणखी सोपे होते.

एकूण प्रकाशाची तुलना करण्याचीही घरगुती रीत आहे. प्रयोगशाळेत त्यासाठी आतून पांढरा रंग दिलेला पोकळ गोल वापरतात. त्यात शिरलेला प्रकाश भिंतीवरून भिंतीवर परतत राहून सर्वत्र सारखा पसरतो, मग झोत अरुंद असो की रुंद. तोच गुण थोड्या प्रमाणात पांढऱ्या छताच्या लहान खोलीत असतो. खोली बंद करून विजेरी छताकडे तोंड करून उभी करावी, आणि मोजण्याचे यंत्र सरळ झोत पडणार नाही अशा एका ठराविक जागी ठेवावे. एका विजेरीने यंत्रावर २० लक्स आणि दुसरीने ४० लक्स दाखविले, तर दुसरीचा एकूण प्रकाश सुमारे दुप्पट. अट एवढीच की खोली, जागा आणि यंत्र यांत काडीचाही बदल होता कामा नये.

आता दोन्ही मापे एकत्र ठेवली म्हणजे एक मजेची गोष्ट ध्यानात येते. समजा, दोन विजेऱ्यांचा आरसा एकाच मापाचा आहे आणि दोन्ही एलईडी सारखेच लुमेन देतात. मात्र एकाचा प्रकाशणारा पृष्ठभाग एक चौरस मिलिमीटर आहे आणि दुसऱ्याचा चार. लहान पृष्ठभागाचा दिवा चौपट एकवटलेला असतो, म्हणून त्याचा झोत चौपट तीव्र होतो. २००९ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या विजेऱ्यांच्या मानकाप्रमाणे, जेथे झोताचा उजेड पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका येतो, तेथे विजेरीचा पल्ला संपला असे धरतात. या हिशेबाने कॅन्डेलाच्या आकड्याचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की पल्ला मीटरमध्ये मिळतो. १०,००० कॅन्डेलाचा पल्ला २०० मीटर, ४०,००० कॅन्डेलाचा ४०० मीटर. म्हणजे तीव्रता चौपट झाली तेव्हा कोठे पल्ला दुप्पट झाला. खोक्यावरील मोठाल्या आकड्यांचा रुबाब या एका हिशेबाने बराच उतरतो.

दुसरी कसोटी उष्णतेची आणि वेळेची. एलईडी थंड असतो अशी एक समजूत आहे. ती निम्मीच खरी. त्याच्या झोतात उष्णता जवळजवळ नसते, पण त्याच्या पाठीमागे ती पुष्कळ असते. वर सांगितलेल्या एलईडीला ३ अँपिअर प्रवाह दिला तर तो सुमारे दहा वॅट वीज घेतो, आणि त्यातील सहासात वॅट उष्णता होऊन स्फटिकातच उरतात. ती तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तळातून विजेरीच्या अंगात आणि तेथून धरणाऱ्याच्या हातात व हवेत गेली पाहिजे. गेली नाही तर स्फटिक तापतो. स्फटिक तापला की प्रकाश घटतो, रंग बदलतो आणि आयुष्यही खुंटते. प्रवाह वाढविण्याचाही फायदा सरळ प्रमाणात मिळत नाही. तोच एलईडी ०.७ अँपिअरवर ३०० लुमेनच्या आसपास देतो. ३ अँपिअरवर प्रवाह चौपटीहून अधिक झाला, पण प्रकाश जेमतेम सव्वातीन पट. बाकीचे सगळे उष्णतेच्या खाती जमा.

एलईडीच्या कारखान्यात त्याची मोजणी पूर्वी २५ अंश तपमानावर, सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता प्रवाह देऊन करीत, म्हणजे दिवा तापण्यापूर्वीच आकडा लिहून होत असे. पुढे काही कारखानदारांनी ८५ अंशांवर मोजण्याची पद्धत स्वीकारली. ती व्यवहाराला अधिक जवळची. तंजावरला उन्हाळ्यात हवाच ३५ अंशांवर जाते, आणि वारा नसलेल्या दगडी बोळात विजेरी अर्धा तास जळत राहावयाची असते. तेथे पहिल्या सेकंदाच्या आकड्याचा उपयोग काय? म्हणून परीक्षकाने विजेरी लावल्यावर अर्ध्या मिनिटाने, दहा मिनिटांनी आणि तीस मिनिटांनी अशी तीन मापे घ्यावीत, आणि प्रत्येक वेळी विजेरीच्या मानेला हात लावून पाहावे. प्रकाश घटला आणि मान गरम लागली, तर उष्णता निदान बाहेर तरी पडत आहे. प्रकाश घटला आणि मान मात्र गार राहिली, तर दोन शंका घ्याव्यात. एक तर उष्णता आतच कोंडली आहे, नाही तर घट उतरला आहे. नवा भरलेला घट घालून पुन्हा पाहिले की दोहोंचा निवाडा होतो. लिथियम घट पुरा भरला असता ४.२ व्होल्ट दाखवितो आणि उतरत उतरत ३ व्होल्टपर्यंत येतो. प्रवाह स्थिर राखणारी जोडणी आत नसेल तर उजेडही घटाबरोबर उतरत जातो. मघाच्याच मानकात आरंभीच्या प्रकाशाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत विजेरी ‘चालू’ समजतात. खोक्यावर ‘दहा तास’ असे वाचून हरखून जाणाऱ्याने हे जरूर ध्यानात ठेवावे. त्या दहा तासांतील शेवटचे काही तास कदाचित पणतीच्या उजेडाचे असतील.

एका नमुन्यावरून सर्व माल जोखणेही चूक. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले एलईडी प्रकाशात, रंगात आणि लागणाऱ्या व्होल्टात थोडेथोडे भिन्न असतात. म्हणून कारखानदार ते निवडून निरनिराळ्या प्रतींत घालतात, जसा व्यापारी तांदूळ निवडून त्याच्या प्रती लावतो. दोन जातींच्या एलईडींची तुलना करावयाची तर आरसा तोच, घट तोच, प्रवाह तोच आणि तळ तोच ठेवून फक्त एलईडी बदलला पाहिजे. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे कळेनासे होते. छायाचित्रे काढून तुलना करणाऱ्यांनी तर विशेष जपावे. छायाचित्रयंत्र अंधूक चित्र आपण होऊन उजळ करते आणि पिवळे चित्र पांढरे करते. या दोन्ही सोयी बंद करून एकाच ठराविक मापाने चित्रे घेतली नाहीत, तर ते यंत्र परीक्षकाला गोड बोलून फसवील.

आता आपल्या तीन वस्तूंकडे वळू. भित्तिचित्रांपाशी गेले की लुमेनचा तोरा संपतो आणि रंगाची कसोटी सुरू होते. मद्रासच्या सरकारी संग्रहालयातील रसायनशास्त्रज्ञ एस. परमशिवन यांनी या चित्रांच्या गिलाव्याची आणि रंगांची तपासणी केली होती. रंग बहुतांशी खनिज आहेत: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याची सफेदी, काजळीचा काळा. या चित्रांत गेरूच्या लाल-तपकिरी छटांचे काम मोठे आहे. अंगकांती, वस्त्रे आणि आकृतींच्या रेषा त्याच कुळातील आहेत. आणि नेमकी येथेच स्वस्त पांढऱ्या एलईडीची बाजू लंगडी पडते. त्याच्या प्रकाशात निळ्याचा एक उंच कळस आणि पिवळ्याचा एक रुंद डोंगर असतो. गडद तांबडा भाग अगदी थोडा असतो. गेरूवर तांबडा प्रकाश पडलाच नाही तर गेरूने परत काय पाठवावे? तो मळकट तपकिरी दिसतो, आणि दोन शेजारच्या छटांतील भेद पुसला जातो. वरचा नायककालीन थर कोठे संपतो आणि खालचा चोळकालीन कोठे सुरू होतो, हा निर्णय ज्याला रंगावरून करावयाचा आहे, त्याच्या हाती असा दिवा म्हणजे आंधळ्याची काठीही नव्हे. वाटाड्याच चकवा लावणारा.

दिव्याच्या या गुणाला शंभरपैकी गुण देण्याची पद्धत आहे. आठ फिकट रंगांचे नमुने त्या प्रकाशात मूळ रंगाला किती जवळ दिसतात, याची ती सरासरी असते. स्वस्त, थंड पांढऱ्या एलईडीला सत्तरच्या आसपास गुण मिळतात. जपानच्या ‘निचिया’ कंपनीच्या काही एलईडींना नव्वदांहून अधिक मिळतात. गंमत अशी की त्या आठ नमुन्यांत गडद तांबडा नाही. तो नववा नमुना, आणि सरासरीत तो धरीतच नाहीत. म्हणून परीक्षकाने नवव्या नमुन्याचा आकडा मुद्दाम विचारावा. आकडा मिळाला नाही तरी हातच्या कांकणाला आरसा कशाला? एका ताटात कुंकू, हळद, तुळशीचे पान आणि निळीचा तुकडा ठेवावा. ते ताट आधी सकाळी दहाच्या सुमारास सावलीतील उजेडात पाहावे, मग अंधाऱ्या खोलीत एकेका विजेरीने पाहावे. ज्या विजेरीखाली कुंकू कुंकवासारखे लाल दिसेल ती चित्रांपाशी न्यावी. जिच्याखाली ते विटकरी दिसेल ती गोठ्यासाठी ठेवावी. अधिक रंगगुणांच्या एलईडीला त्याच विजेत थोडे कमी लुमेन मिळतात हे खरे. पण चित्र पाहणाऱ्याने हा सौदा आनंदाने करावा.

शिलालेखाची गोष्ट निराळी. दगडात कोरलेल्या अक्षराला स्वतःचा रंग नसतो. अक्षर आणि दगड एकाच वर्णाचे. ते वाचता येते ते सावलीमुळे. अक्षराची खाच दोन मिलिमीटर खोल आहे असे समजा. विजेरी समोरून धरली तर खाचेत सावली पडतच नाही. दगड नुसता पांढराफटक दिसतो, आणि विजेरी जितकी जबर तितका अधिक पांढराफटक. तीच विजेरी बाजूला नेऊन भिंतीशी पंचेचाळीस अंशांचा कोन केला तर दोन मिलिमीटर सावली पडते. आणखी खाली, दहा अंशांवर आणली तर सावली अकरा मिलिमीटरांहून लांब होऊ पाहते, म्हणजे सामान्य खाच सावलीने काठोकाठ भरते आणि अक्षर काळ्या शाईने लिहिल्यासारखे उठून येते. मात्र एकाच बाजूच्या प्रकाशाने त्या दिशेला समांतर असलेल्या रेषा लपतात. वरून खाली प्रकाश टाकला तर अक्षराचा उभा दांडा हरवेल. डावीकडून उजवीकडे टाकला तर मात्रा आणि शिरोरेषा पुसट होतील. म्हणून प्रत्येक ओळ निदान दोन दिशांनी पाहावी. या कामाला पल्ल्याची विजेरी निरुपयोगी. तिच्या झोताच्या मध्यभागी डोळे दिपविणारा एक ठिपका असतो, आणि त्या ठिपक्यामुळे बाहुली आकुंचित होऊन भोवतालची अक्षरे आणखी अंधारतात. येथे हवा तो साधा, सम, पसरट उजेड, आणि तोही माफक.

एका काना-मात्रेने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. परंतु १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरावर राज्य करणाऱ्या घराण्याने स्वतःचा वृत्तांत आपल्या भाषेत, मायदेशापासून इतक्या दूर, दगडावर लिहून ठेवला. त्यातील एखादे नाव वा अंक चुकीच्या उजेडात चुकीचा वाचला गेला, तर तो तसाच टिपणात उतरतो, टिपणातून पुस्तकात जातो, आणि पुढचे अभ्यासक पुस्तकावर विसंबून त्याचीच री ओढतात. दगड आपल्या जागी खराच असतो. खोटे असते ते आपले वाचन.

तिसरी वस्तू पोथी. येथे प्रश्न उलटाच होतो: किती प्रकाश मिळेल हा नव्हे, किती कमी प्रकाशात भागेल हा. कागद, ताडपत्र, शाई आणि पोथीतील चित्रांचे रंग प्रकाशाने झिजतात, आणि ही झीज भरून येत नाही. उजेड गुणिले वेळ असा तिचा हिशेब असतो. अशा नाजूक वस्तूंवर ५० लक्सहून अधिक उजेड पडू नये, असा संग्रहालयांचा सर्वसाधारण दंडक आहे. १०,००० कॅन्डेलाची विजेरी एक मीटरवरून पोथीवर रोखली तर पानावर १०,००० लक्स पडतात, म्हणजे दंडकाच्या दोनशे पट. त्या विजेरीचे एक मिनिट हे संग्रहालयातील सव्वातीन तासांहून अधिक उजेडाच्या बरोबरीचे. एलईडीत जंबुपार किरण जवळजवळ नसतात ही चांगली गोष्ट. पण थंड पांढऱ्या एलईडीतील निळा कळस मोठा असतो, आणि नाजूक रंगांना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक बाधतो. म्हणून पोथीसाठी उबदार वर्णाचा, खूप मंद करता येणारा दिवा निवडावा. मंद करण्याच्याही दोन रीती आहेत: प्रवाह कमी करणे, किंवा पुरा प्रवाह क्षणोक्षणी तोडणे. दुसऱ्या रीतीत प्रकाश लुकलुकतो. तो तसा दिसत नसला तरी काहींचे डोळे त्याने शिणतात. परीक्षा सोपी आहे. झोतात पेन्सिल झपाट्याने हलवावी. एकच पुसट पट्टा दिसला तर प्रकाश अखंड आहे. अनेक सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो तुटक आहे. मोडीच्या गुंतलेल्या वळणांतून तासन्‌तास वाट काढणाऱ्याला हा भेद संध्याकाळपर्यंत आपोआप कळतो.

तेव्हा या तीन वस्तूंनी एकाच प्रश्नाची तीन उत्तरे दिली. चित्राला रंगाने प्रामाणिक दिवा हवा, लेखाला आडवा आणि सम दिवा हवा, पोथीला मंद दिवा हवा. रात्री बांधावरून पाणी पाहावयास जाणाऱ्या कावेरीकाठच्या शेतकऱ्याला विचारले तर तो चौथे उत्तर देईल. त्याला पायापुरता रुंद उजेड, दूरवरचा थोडा पल्ला आणि पहाटेपर्यंत टिकणारा घट हवा. सर्वांत चांगला एलईडी कोणता, या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. काय पाहावयाचे आहे, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरल्यावर लुमेन, कॅन्डेला, वर्ण आणि वेळ या चारही मापांना अर्थ येतो. तोवर ते नुसते आकडे.

आणि मापे घेतली तर ती लिहून ठेवावीत. याचा धडाही तंजावरातच मिळतो. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांना वैद्यकाची, विशेषतः नेत्रवैद्यकाची आवड होती. त्यांच्या काळी नेत्ररुग्णांच्या ज्या नोंदी ठेवल्या गेल्या, त्यांतील काही सरस्वती महालात अजून पाहावयास मिळतात. रोगी कोण, तक्रार काय, उपचार कोणता केला हे त्यांत आहेच. शिवाय रुग्ण डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. नुसते ‘डोळा लाल होता’ असे लिहून त्या काळचे वैद्य थांबले नाहीत. किती लाल आणि कोठे लाल ते त्यांनी काढवून ठेवले. म्हणूनच दोनशे वर्षांनंतरचा नेत्रतज्ज्ञ ती चित्रे पाहून रोग ओळखू शकतो.

विजेरीच्या परीक्षकाची वहीही अशीच असावी. कोणता एलईडी, कोणता घट, हवेचे तपमान किती, कितव्या मिनिटाला किती लक्स, आणि कुंकू कसे दिसले. आणि तिच्या जोडीला अभ्यासकाच्या टिपणात एक ओळ अधिक असावी: हे चित्र, हा लेख, ही पोथी कोणत्या दिव्याने पाहिली. पुढे कोणाला शंका आली तर त्याला तोच दिवा घेऊन, किंवा त्याहून चांगला दिवा घेऊन, पुन्हा त्याच भिंतीपाशी उभे राहता येईल. गोविंदस्वामींनी आपल्या बत्तीचे नाव सांगून ठेवले. म्हणूनच त्यांनी काय पाहिले याबरोबर ते कशाच्या उजेडात पाहिले, हेही आज आपल्याला माहीत आहे.